तेलाच्या गावातली ओरडणारी गाडी

पुष्कळ पूर्वी, आपल्या पणज्याच्या पणज्यालाही सांगता आलं नसतं इतक्या पूर्वी, एका डोंगराच्या माथ्यावर तेल्यांचं एक गाव होतं. घरटी एक घाणा आणि घरटी तेलाचा रांजण. तीळ म्हणा, करडई म्हणा, जवस म्हणा, मागाल ते तेल तिथे मिळायचं.

त्या गावाला एक खोड होती. काहीही कुरकुरलं की ओत तेल. दार कुरकुरलं, तेल. पाळणा कुरकुरला, तेल. जावई कुरकुरला तर त्याच्याही टाळूवर वाटीभर थापायला ते मागेपुढे पाहत नसत. ज्याच्या घरातून कुरकुर ऐकू येई त्याला लोक विचारत, "का हो, घरातलं तेल संपलं का?" याहून वाईट शिवी त्या गावात नव्हती.

आणि अशा गावात तानुबाईची गाडी ओरडायची.

तानुबाई एकटी बाई. नवरा वारल्यावर तिने घरातली जुनी बैलगाडी स्वतः हाकायला घेतली. गाडी तिच्या सासऱ्याच्या वडिलांची, गावातली सर्वांत जुनी. घाटाच्या पायथ्याशी राजाच्या देवीचं देऊळ होतं. दरवर्षी दीपोत्सवाला देवीच्या दिव्याचं तेल याच गाडीतून उतरायचं. तो त्या घराचा मान होता.

आता घाट उतरताना गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकामागे एक लाकडी ठोकळा बसवलेला असतो. गाडीवान दोरी ओढतो, ठोकळा चाकाच्या धावेवर, म्हणजे कडेच्या लोखंडी पट्टीवर, दाबला जातो आणि चाक आवरतं. तानुबाईने दोरी ओढली की हा ठोकळा असा किंचाळायचा की झाडावरची वानरं फांदी बदलायची. पायथ्याची माणसं म्हणायची, "निघाली तेलवाल्यांची गाडी. भाकऱ्या टाका तव्यावर, ती पोचेस्तोवर होतील!"

त्या वर्षी दीपोत्सवाला आठ दिवस उरले असताना पाटील तानुबाईच्या अंगणात आले.

"तानुबाई, औंदा राजा सोता येणार हाय," ते म्हणाले. "त्याच्या कानावर ही किंकाळी गेली तर गावाचं नाक जाईल. आठ दिसांत गाडी गप कर. न्हाईतर तेलाचा मान माझ्या पुतण्याच्या नव्या गाडीला. आन् तुझी गाडी परत घाटात उतरायची न्हाई."

घाटाशिवाय डोंगरावरून दुसरी वाटच नव्हती. गाडी घाटात उतरायची नाही म्हणजे तानुबाईची चूल पेटायची नाही.

तीही त्याच गावची. तिने काय केलं असेल? जे तिच्या आईने केलं असतं, आजीने केलं असतं, तेच केलं. भांडंभर तेल घेतलं आणि ठोकळ्यावर ओतलं. आणखी एक भांडं धावेवर ओतलं, मनाला शांती म्हणून.

गाडी गप्प झाली! अगदी हूं की चूं नाही. सारं गाव गोळा झालं. पाटलांनी स्वतःच्या चंचीतलं पान काढून तिच्या हातावर ठेवलं. तानुबाई मान ताठ करून गावातून एक फेरी मारायला निघाली.

तळ्याकडे एक लहानसा उतार होता. तिथे तिने दोरी ओढली. ठोकळा चाकाला टेकला आणि तेलावरून सरळ घसरला. गाडी थांबेना. बैल पळू लागले, मागून गाडी त्यांना रेटू लागली, जू सरकत शिंगांपाशी गेलं. शेवटी सगळं लटांबर एका गवताच्या गंजीत घुसलं, म्हणून वाचलं.

दोन बैलांपैकी थोरल्याचं नाव मोऱ्या. तो तोंडातलं गवत बाजूला करून म्हणाला, "बाई, ठोकळ्याला गप केलंस खरं. पर चाक कुणी धरायचं? सारी गाडी आमच्या मानंवर आली." (त्या काळी बैल बोलत. आता बोलत नाहीत. आपण ऐकत नाही, मग ते तरी कशाला तोंड दुखवतील?)

तानुबाईला घाट आठवला. हेच घाटात झालं असतं तर? घाटात गंजी नव्हती, दरी होती. तिने मोऱ्याच्या गळ्याला मिठी मारली आणि ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून ती थेट म्हाताऱ्या सुताराकडे गेली.

सुताराला डोळ्यांनी कमी दिसे. पण त्याचा हात लाकडावरून फिरला की लाकडाची जन्मकुंडली त्याला कळे. तो म्हणाला, "ही गाडी माझ्या बापानं बांधली. आमच्या अंगणातनं निघाली तवा वरडत हुती का?"

"नसंल, बाबा."

"मग मधी कायतरी झालंय. ते हुडक. लाकूड उगंच वरडत न्हाई."

"तुम्हीच सांगा की."

"मी सांगितलं तर एकदा निस्तरंल. तू हुडकलंस तर जल्मभर निस्तरंल. ठोकळा काढ आन् बघ."

इतकी वर्षं गाडी हाकली, पण तानुबाईने तो ठोकळा काढून कधी पाहिलाच नव्हता. गावात कुणीच पाहत नसे. तेल असताना पाहायचं कशाला? तिने तो सोडवला आणि उन्हात उलटा केला. त्याचं तोंड घासून घासून गुळगुळीत झालं होतं, धुतलेल्या पाट्यासारखं. त्यात घाटातली बारीक खडी रुतली होती. ज्या खुंट्यांवर ठोकळा बसायचा त्या झिजून सैल झाल्या होत्या. म्हणून चाकाला टेकला की तो थरथरायचा, आणि त्या थरथरीचीच किंकाळी व्हायची. वर आता तिचं स्वतःचं तेल लाकडात मुरलं होतं.

"अगं बया," ती स्वतःशीच म्हणाली, "हा तर कवाधरनं सांगत हुता!"

मग ती कामाला लागली. तेल प्यालेला ठोकळा तिने चुलीत घातला. वाळलेल्या बाभळीचा नवा ठोकळा सुताराकडे बसून तासून घेतला. त्याचं तोंड कानशीने खरबरीत केलं. पुढची कड तिरकी उतरवली, म्हणजे तो चाकाला एकदम न आदळता अलगद बसेल. खुंट्या नव्या, घट्ट ठोकल्या. आणि राख नि रिठ्याचं पाणी घेऊन ती धावेवरचं तेल घासायला बसली.

हे मात्र गावाला झेपेना. तेलाच्या गावात एक बाई भरदिवसा तेल धूत बसली होती! लोक वाट वाकडी करून बघायला आले. पाटलांचा पुतण्या सयाजी तर पोट धरून हसला.

"काकी, डोक्यावर परिणाम झाला का?"

"सयाजी, हस बाबा," तानुबाई म्हणाली. "पर तुझ्या ठोकळ्याला तेल लावू नगंस. उतारावर धरायचा न्हाई."

सयाजीने त्याच दिवशी आपल्या ठोकळ्याला दुप्पट तेल पाजलं.

आठव्या दिवशी सकाळी तळ्याच्या उतारावर पाटलांनी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. कशा पाहिल्या? कान लावून. तानुबाईची गाडी दोरी ओढताच जागच्या जागी उभी राहिली. ठोकळ्यातून जराशी घरघर तेवढी आली. सयाजीची गाडी उतारावरून बिनआवाज निघाली ती सपाटीवर जाऊन थांबली.

"तुझ्या गाडीत अजून आवाज हाय," पाटलांनी निकाल दिला. "मान सयाजीचा. तू साधं तेल घेऊन मागनं ये. हीच शेवटची खेप."

तानुबाईला भारी राग आला. तरी तिने गाडी जुंपली. शेवटची तर शेवटची, खेप तिची होती.

पुढे सयाजीची गाडी, तिच्यात दिव्याच्या तेलाचे चामडी बुधले आणि बुधल्यांवर नवा फेटा बांधून बसलेले पाटील. मागे तानुबाई. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर घाट एकदम खाली कोसळत होता. तिथे सयाजीने दोरी ओढली, आणखी ओढली, पायाने रेटा देऊन ओढली. ठोकळा चाकावरून गपगुमान घसरत राहिला.

"धरा! धरा!" पाटील ओरडले.

सयाजीने उडी टाकून चाकाखाली मोठा धोंडा सरकवला. गाडी दरीच्या कडेपासून हातभर अंतरावर थांबली. बैल गुडघ्यांवर आले होते. आता धोंडा काढावा तर गाडी दरीत, ठेवावा तर तेल घाटातच. खाली देवळापाशी राजा येऊन बसला होता, आणि ऊन कलायला लागलं होतं.

तानुबाई खाली उतरली. तिने जाडजूड दोर काढला, एक टोक सयाजीच्या गाडीच्या मागच्या आडव्या लाकडाला बांधलं. दुसरं टोक आपल्या दोन बैलांच्या मधून मागे घेतलं आणि आपल्या गाडीच्या आसाला आवळलं. मग म्हणाली, "पाटील, उतरा. तेल जड हाय, त्यात तुम्ही."

पाटील उतरले.

तिने पाय रोवून ठोकळ्याची दोरी ओढली. सयाजीने धोंडा काढला. दोर ताठ झाला. दोन गाड्यांचं, दोन गाड्यांतल्या तेलाचं सगळं ओझं त्या एका बाभळीच्या ठोकळ्यावर आलं.

ठोकळ्याने चाक धरलं.

"चल मोऱ्या, बेतानं," ती म्हणाली. ती दोरी जराशी सोडी, गाड्या चार पावलं उतरत. ती ओढी, दोन्ही गाड्या उभ्या राहत. चार पावलं, थांब. चार पावलं, थांब. तिच्या तळहातांना फोड आले, तापलेल्या लाकडाचा वास सुटला, पण ठोकळा तसूभर घसरला नाही. तिला हसू येऊ लागलं. सातवं वळण उतरताना ती मोठमोठ्याने ओव्या म्हणत होती, आणि पाटील मागून चालता चालता ताल धरत होते.

दिवेलागणीला दोन्ही गाड्या देवळापुढे उभ्या राहिल्या. बुधला एकही फुटला नव्हता. ढोल वाजले, माणसं धावली. राजाने विचारलं, "यंदा दिव्याचा मान कोणत्या गाडीचा?"

सयाजीची गाडी पुढे होती. पण पाटलांनी फेटा नीट केला, घसा साफ केला आणि अख्ख्या गर्दीला ऐकू जाईल असं सांगितलं, "महाराज, तेल त्या गाडीत आलं, आणलं या गाडीनं. मान तानुबाईचा. मी कानानं पारख केली, चुकलो."

राजाने स्वतः उठून तिला वाट दिली. तानुबाईने फोडांच्या हातांनी दिव्यात पहिलं तेल घातलं, आणि तिच्यामागे सारं गाव तिच्या नावाचा जयजयकार करत उभं राहिलं.

तेव्हापासून त्या गावात रीत पडली. घाट उतरण्याआधी प्रत्येक गाडी तानुबाईच्या अंगणात थांबे. ठोकळा काढून, उलटा करून, उन्हात पाहिला जाई. आणि धावा राखेने घासून देण्याचं काम कुणाकडे होतं म्हणता? सयाजीकडे. तो ते मन लावून करी, आणि त्या घाटात पुन्हा कधी गाडी घसरली नाही.

बोध असा: जो ओरडतो त्याचं तोंड बंद करू नये, तो का ओरडतो ते शोधून दुरुस्त करावं.