समोरचा राजवाडा

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या तरुण शिष्याला घेऊन राजधानी पाहायला निघाले. शिष्याला दरबारातून बोलावणे आले होते : इथे येऊन राहा, वैद्यकी करा. तो मनाने तर केव्हाच तिकडे राहायला गेला होता. नुसते अंग तेवढे गावात उरले होते. गुरू म्हणाले, "आधी नगरी हिंडून पाहू. परतीच्या होडीत पाय ठेवण्यापूर्वी काय ते ठरव."

नगरी खाडीच्या काठी, पायी फिरण्याजोगी. घाट, देऊळ, बाजार, राजवाडा सारे पाण्याच्या कडेने ओळीत, जणू पंगतीला बसलेले. शिष्याची वर गेलेली मान खाली येईना. (हसू नका, सहलीला गेल्यावर आपणही असेच उंटासारखे चालतो.)

राजवाड्याच्या ऐन महाद्वारासमोर गुरूंनी एका शालवाल्या गृहस्थाला थांबवले आणि अतिशय नम्रपणे विचारले, "राजवाडा कुठे आहे हो?"

गृहस्थाने त्यांच्याकडे पाहिले, मग वाड्याकडे. "आजोबा, भांग कुठली घेता? आम्हालाही सांगा की." आणि तो हसत निघून गेला.

"गुरुजी, समोर तर आहे," शिष्य कुजबुजला.

"असेल बाबा," म्हणत गुरूंनी पहारेकऱ्याला गाठले. त्याने भाल्यानेच वाट दाखवली, लांब जाण्याची. मग एक शास्त्री भेटले. त्यांनी वाड्याचा पायाभरणीपासूनचा इतिहास सांगितला, पण वाडा काही दाखवला नाही. लोक वळून पाहू लागले तसा शिष्य मागे मागे राहू लागला आणि शेवटी एका खांबाआडून, हे म्हातारे आपले कुणी नव्हेत अशा चेहऱ्याने, नक्षीकाम न्याहाळू लागला.

गुरू तिथल्याच घाटावर जाळे शिवणाऱ्या एका बाईपाशी गेले. प्रश्न तोच.

बाईने सुई बाजूला ठेवली. "उन्हात फिरलात वाटतं, बाबा. बसा आधी." पाणी दिले, गुळाचा खडा दिला. मग त्यांचा हात धरून त्यांना वळवले. "हा बघा तुमचा वाडा. कुठं पळून नाही जायचा. पण तुमच्याबरोबरचं माणूस कुठाय?"

गुरूंनी गुळाचा खडा तोंडात टाकला.

शिष्य खांबाआडून बाहेर आला. "मी आहे."

"मग जवळ राहावं की, दादा," बाई म्हणाली आणि पुन्हा जाळ्याला लागली.

संध्याकाळी धक्क्यावर गुरू म्हणाले, "एवढा थोरला वाडा मला दिसत नव्हता होय रे? पण तापाने फणफणलेल्या माणसाला समोरची वस्तू दिसत नाही. तो वेड्यासारखे काहीबाही विचारतो. अशा माणसाशी ही नगरी कशी वागते, ते मला पाहायचे होते." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि तू कसा वागतोस, तेही."

होडीवाल्याने हाक दिली तेव्हा शिष्याने गुरूंच्या कोपराला आधार देऊन त्यांना होडीत बसवले आणि स्वतः धक्क्यावरच उभा राहिला.

"राहतो मी इथे," तो म्हणाला. "पण दरबाराच्या आळीत नाही. घाटाकडे खोली पाहतो."

गुरूंनी मान डोलावली. होडी सुटली.

आपणही चार दिवस फिरून येतो आणि गावाचे फोटो घरोघरी दाखवतो. गावाने आपला काढलेला फोटो मात्र आपण कधी मागत नाही.