कुलगुरूंचा लाल झगा

करवंदवाडीइतकं शिकलेलं गाव अख्ख्या मुलखात सापडायचं नाही. इथलं पोर जन्मतःच पदवीधर होतं! पुढं चौथीत मुक्काम ठोकतं, ती गोष्ट वेगळी. हे सांगणाऱ्यालाही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललं होतं. पण पदवीचं खरं आहे. ऐका.

मोटार दिसली की माणसं औत सोडून बघायला पळायची, त्या काळातली गोष्ट. गावात गोजराबाई नावाची सुईण होती. जिभेची तिखट, हाताची मऊ. तिनं ज्याची नाळ कापली तो बळवंत खुटाळे शिकून डॉक्टर झाला आणि गावातच दवाखाना थाटून बसला. त्यानं नाडी धरली की ताप वेशीबाहेर पळायचा आणि तिथून हात जोडायचा, असं म्हणतात. म्हणणारे आपल्याच गावचे, तेव्हा थोडं कमी धरा.

त्याचं नाव ऐकून शहरातल्या विद्यापीठानं त्याला वैद्यकी शिकवायला बोलावलं. गावानं पेढे वाटले. गोजराबाईनं पेढ्याला हात लावला नाही.

"सरळ येणारी पोरं मी काढीन रे बाळ्या. आडवं आलं तर कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"परात वाजव आत्या. असेन तिथून येईन, असेन तसा येईन."

शब्द जपून द्यावा माणसानं!

बळवंत शिकवत राहिला, चढत राहिला, आणि एक दिवस कुलगुरू झाला. पदवीदानाचा पहिला समारंभ आला. नेमकं त्याच सकाळी गोजराबाईच्या भाचीला, हौसाला, कळा लागल्या. गोजराबाईनं पोटावर हात ठेवला आणि तिचं तोंड उतरलं. पोर आडवं होतं.

तिनं परात उचलली, टेकडी गाठली आणि मुसळानं ती बडवायला घेतली. शेजारच्या गावच्या बायांनी ऐकलं, त्यांनी आपल्या पराती काढल्या. गावामागून गाव वाजत गेलं आणि तो गजर थेट विद्यापीठाच्या मांडवात शिरला, असं म्हणतात. कुलगुरू सोनेरी काठाचा लाल झगा घालून पहिली पदवी देत होते. ती हातातच राहिली आणि ते धावत सुटले. पहिला आलेला तो हुशार विद्यार्थी हात पुढं करून उभाच. अजून असेल बिचारा!

वाटेत एक वरात होती. कुलगुरूंनी नवरदेवाला अलगद खाली उतरवलं आणि स्वतः घोडीवर बसले. नवरदेव पायी बोहल्यावर गेला. इकडं लाल झगा बघून गावोगावच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "अगं बाई, ह्या वयात लगीन!" घोडीनं नदी ओलांडली तेव्हा खुराला पाणी लागलं नाही, असं म्हणतात.

दारात गोजराबाई. "केवढा उशीर! आणि हे काय घालून आलास?"

"असेन तसा येईन म्हणालो होतो ना!"

बळवंतनं हात धुतले. आत हौसाचा आवाज बसत चालला होता. बाहेर अख्खं गाव गप्प झालं. आमच्या गावात असं पुन्हा कधी घडलं नाही. त्यानं पोर हळूहळू फिरवलं, आणि मग असं काही रडणं उठलं की पिंपळावरची वटवाघळं उडाली! हौसाही वाचली. लेक झाली. गोजराबाईनं कुलगुरूंच्या अंगावरचा झगा ओढला आणि लेकीला त्यात गुंडाळलं.

"घ्या, झाली पदवीधर!"

कुलगुरू नुसत्या सदऱ्यावर परत गेले आणि उरलेल्या पदव्या दिल्या.

आजही करवंदवाडीत पोर जन्मलं की परात वाजते आणि त्याला आधी त्या झग्यात गुंडाळतात. इतकी पोरं त्यात भिजली, पण रंग उतरला नाही, असं म्हणतात. आणि दरसाल पदवीदानाच्या आधी विद्यापीठाचा माणूस गावात येतो, चहा पितो आणि रिवाजाप्रमाणं झगा परत मागतो. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला गोजराबाईचे शब्द ऐकवते. पहिल्या वर्षी झगा मागायला खुद्द बळवंतच मान खाली घालून आला होता, तेव्हा गोजराबाईनं त्यालाच ते ऐकवले होते:

"झगा देते की. तुझ्या विद्यापीठाला सांग, आमचा डॉक्टर नेलात, तो आधी आणून द्या."