करंजमाचीच्या ठकूबाईची काळी सुरी

घाटाला अजून गाडीवाट नव्हती, डोंगरात वाघ फिरत होता आणि माणसं तूप देऊन मीठ आणत होती, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या एका उंच पायरीवर करंजमाची नावाची वाडी होती. मूठभर झापं, म्हणजे गवतानं शाकारलेल्या झोपड्या, झापांभोवती म्हशी आणि म्हशींभोवती रान, एवढीच ती वाडी. तिथं ठकूबाई ढेबे नांदायला आली. अंगानं काटकुळी, बोलायला थोडकी. पण तिनं मारलेली गाठ कधी सुटत नसे, असं म्हणतात.

रानात राहायचं म्हणजे कमरेला सुरी हवीच. मिटणारा चाकू सुपारी कातरायला ठीक. रानाला न मिटणारी, जाड पाठीची, वीतभर पात्याची सुरी लागते. कारवी तोडायची तिनं, दोरासाठी केवणीची साल सोलायची तिनं, बांबू चिरायचा तोही तिनंच. करंजमाचीत अशी चांगली सुरी एकच होती, सगळ्या वाडीत मिळून. एका उन्हाळ्यात मध काढताना ती कुणाच्या तरी हातून निसटली आणि कड्याखाली गेली. इतकी खाली, की पडल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही.

मग झापाझापातून तूप गोळा झालं. अख्खा हंडा भरला. बाप्ये म्हशी घेऊन पाण्यामागं खोऱ्यात उतरलेले, त्यामुळं बाजाराला जायचं ठकूच्या वाट्याला आलं. वाडीतले सगळ्यांत जाणते संतूआबा हंड्याच्या तोंडाला फडकं बांधत म्हणाले, "सूनबाय, घासाघीस करत बसू नगं. समद्यात महाग आसंल ती आन. वाडीची सुरी हाय, चार गावांत नाव झालं पायजे."

"व्हय आबा," ठकू म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन घाट उतरली.

खालच्या बाजारात सुऱ्या विकणारे तिघंजण बसले होते. पहिल्यानं गोणपाटावर सुऱ्यांचा ढीगच ओतला होता. पळीभर तुपाला एक सुरी. ठकूनं एक उचलली, अंगठ्यानं पातं दाबलं. पातं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. "पळीभर तुपात आणखी काय येणार, बाई?" विकणारा हसला. ठकूही हसली आणि सुरी परत ढिगात ठेवली.

दुसरा होता लांबच्या शहराचा व्यापारी. त्याच्यापुढं लाल मखमलीवर एकच सुरी. मुठीवर पितळेचा मोर, पातं आरशासारखं. किंमत अख्खा हंडा. ठकूनं ती हातात घेतली आणि पात्यात तिला आपलंच तोंड दिसलं. एवढी देखणी वस्तू तिनं जन्मात धरली नव्हती. हीच न्यावी, आबा खूश होतील, वाडीतल्या बाया ओवाळतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं विचारलं, "लाकडावर मारून बघू का?"

व्यापाऱ्यानं झटकन सुरी काढून घेतली. "अहो, ही काय मारायची वस्तू आहे? हिला जपावं लागतं."

"रानात आमी हिला जपायचं, का हिनं आमाला?" ठकू म्हणाली आणि उठली.

तिसरा येसू लोहार. चिंचेखाली भाता लावून बसलेला. त्याच्या सुऱ्या काळ्या, खरबरीत, मुठीला साधं बाभळीचं लाकूड. पण त्या लाकडाच्या दोन फळ्यांमधून पोलाद आरपार गेलेलं दिसत होतं. किंमत अर्धा हंडा.

"आसल्या काळ्या सुरीला आर्धा हंडा?" ठकू म्हणाली.

"माझं पोलाद मुठीत अर्ध्यावर थांबत नाही, बाई," येसू म्हणाला. "टोकापर्यंत जातं. मार. कुठंही मार."

शेजारीच ऐनाचा ओंडका पडला होता. ठकूनं पातं त्यावर ठेवलं, हाती दांडकं घेतलं आणि सुरीच्या पाठीवर हाणलं. पुन्हा हाणलं. ओंडका करकरला आणि मधोमध उकलला. तिनं धारेवरून नख फिरवलं. धार जशीच्या तशी. मग तिनं गारगोटी घेऊन सुरीच्या पाठीवर घासली, तर ठिणगी अशी उडाली की चिंचेवरचे पोपट उठले, असं म्हणतात.

तरी ठकूचे पाय हलेनात. आबांचा शब्द मोडायचा होता, आणि नांदायला येऊन तिला काही फार पावसाळे झाले नव्हते. ती मखमलीकडं बघत राहिली, मग काळ्या पात्याकडं. शेवटी तिनं हंड्याचं फडकं सोडलं आणि येसूला म्हणाली, "मोजून घे दादा, आर्धं."

वाडीवर पोचल्यावर आबांचा चेहरा पडला. "करपलेला तवा आणलास गं," एवढंच ते म्हणाले. पुढच्या बाजाराला उरलेलं तूप आणि पदरचं तेवढंच तूप घालून ते स्वतः मोराची सुरी घेऊन आले. ती बिरोबाच्या देवळीत टांगली. शेजारच्या वाड्यांची माणसं ती बघायला यायची. ठकूच्या सुरीचं नाव पडलं 'करपी'. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "ठके, तुझी करपी कशी हाय?" ठकूला ते लागायचं. पण ती ओढ्याच्या दगडावर रोज तिला धार लावायची आणि कामाला लागायची.

असे काही पावसाळे गेले आणि एका वर्षी हस्ताचा पाऊस आला. तसला पाऊस ना त्याआधी कुणी पाहिला, ना नंतर. वाडीची पोरं सकाळी म्हशींना पाण्यातून हाकत, स्वतः साकवावरून, धोंडी नदीतल्या बेटावर गेली होती. तिथं नदीचे दोन फाटे होतात आणि मधे ते बेट राहतं. दुपारी आभाळ फाटलं, वरून लोंढा आला आणि बांबूचा जुना साकव काडीसारखा गेला. बेटावर पोरं, म्हशी आणि चढतं पाणी. त्या पोरांत ठकूची लेक जनी होती आणि आबांची नातही होती.

बाप्ये तूप घेऊन खालच्या बाजाराला उतरलेले; उरलेली सगळी वाडी काठावर धावली. आबांनी देवळीतली मोराची सुरी आणली होती. नवा साकव घालायला काठावरच्या बांबूच्या बनात शिरून त्यांनी पहिलाच घाव घातला, तो गाठीवर बसला. कडाड आवाज झाला आणि मोर हातात राहिला; पातं पाण्यात गेलं. मुठीत ते पोलाद बोटभरच गेलेलं होतं. आबा त्या मोराकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी तो फेकून दिला आणि हाक मारली, "ठकू! पोरी, कुठंयस तू?"

ठकू कधीच बांबूत शिरली होती.

असं म्हणतात, त्या दिवशी करपी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. बांबू पडत होते. आबा, बाया, म्हातारी माणसं ते ओढत होती, केवणीच्या सालीनं बांधत होती. एकाला एक जोडून लांबच लांब बांबू पाण्यावरून पलीकडच्या उंबराच्या बेचक्यात सरकवला, आणि त्याच्या जोडीला दुसरा. एवढ्यावरून जायचं तर अंगानं हलकं माणूस हवं. ठकूनं पदर खोचला, सुरी दातांत धरली आणि बांबूला लटकून निघाली. मधोमध आली तशी लाटेनं तिला पुरती झाकली. काठावर बायांनी टाहो फोडला. लाट गेली. ठकू तिथंच होती, हात बांबूला, सुरी दातांत.

पलीकडं पोरं गारठून निळी पडली होती. आधी साकव बांधावा तर पोरं थंडीनं जातील, हे तिनं ओळखलं. एका कातळाच्या कपारीत सगळ्यांना गोळा केलं. पडलेल्या लाकडाला सुरी लावून दगडानं पाठीवर ठोकलं. ओल्या लाकडाच्या पोटात कोरडं लाकूड निघालं. त्याचा केसासारखा बारीक कीस काढला, गारगोटी घासली. ठिणगी पडली, विझली. पुन्हा पडली. जनीनं ओंजळ धरून फुंकर घातली आणि त्या पावसात जाळ झाला.

काठावरच्या माणसांना धूर दिसला आणि आबा लहान पोरासारखे रडले.

मग दोन्ही काठांवरून साकव बांधला. पलीकडून ठकू बेटावरचा बांबू चिरून पट्ट्या सोडायची, अलीकडून माणसं त्या विणायची. पाणी बेटाच्या कडेला लागलं तोवर साकव उभा राहिला. पोरं आली. आणि असं म्हणतात, पोरांमागून म्हशीसुद्धा त्या बांबूच्या साकवावरून एकामागून एक आल्या, आणि शेवटच्या म्हशीचे मागचे खूर अलीकडच्या मातीला लागेपर्यंत धोंडी नदी थांबली होती. मग बेट बुडालं.

सगळ्यांत शेवटी ठकू आली. आबांनी डोक्याचं पागोटं काढलं आणि तिच्या करपीला बांधलं. "सूनबाय," ते म्हणाले, "हितनं पुढं वाडीची सुरी तू निवडायची. आमी तूप भरून देऊ, इचारनार न्हाई."

ठकूबाई पुढं खूप म्हातारी झाली. धार लावून लावून करपीचं पातं झिजत गेलं, कारवीच्या पानाएवढं उरलं, आणि तरी बांबू चिरत होतं. एका हिवाळ्यात ठकूबाई बांबूत गेली ती परत आलीच नाही. कुणी म्हणतं ती नदीला मिळाली, कुणी म्हणतं बांबूच झाली. धोंडीच्या काठचा बांबू सरळ चिरतो, मधेच कधी फाटत नाही, तो तिच्यामुळं, असं म्हणतात.

आता त्या नदीवर सिमेंटचा पूल आहे. एसटी जाते त्याच्यावरून. तरी दरवर्षी हस्त सरला की करंजमाचीची माणसं पुलाच्या वरच्या अंगाला बांबूचा साकव बांधतात. पहिला घाव वाडीत त्या वर्षी नांदायला आलेली सून घालते. तिनं बाजारातून स्वतः पारखून आणलेल्या सुरीनं. ती कितीला आणली हे तिला सासरा विचारत नाही, नवरा विचारत नाही. साकव झाला की ती एकटी पलीकडं जाते. अलीकडं धनगरी ढोल गळ्यात अडकवून सगळे पलीकडं नजर लावून उभे असतात. मग पलीकडच्या कपारीतून धुराची बारीक रेघ वर चढते, आणि ढोलावर टिपरी पडायच्या आधी अख्खी वाडी एका आवाजात ओरडते, "ठकूबाई आली!"