साक्षीला सुईण

एका संस्थानातल्या भुजंगराव दिवाणांना राज्यापेक्षा नियम प्यारे होते. त्यांनी फर्मान काढलं की, सरकारी चाकरी इथेच जन्मलेल्यालाच मिळेल आणि जन्माची साक्ष त्याच्या सुईणीनेच द्यायची.

पुढे राजवाड्यातली म्हातारी सुईण वारली. तिच्या जागेवर ठकूबाई आली, तेव्हा राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या होत्या आणि महाराज दाराशी येरझारा घालत होते. तरी दिवाणांनी तिला उंबऱ्यावरच अडवलं.

"तुझ्या जन्माची साक्ष द्यायला सुईण कुठे आहे?"

"मेली की. तिच्याच जागेवर तर आलेय मी."

"मग आत जाता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

ठकूबाईने तिथेच फतकल मारली आणि चंची सोडून पानाला चुना लावू लागली. "बरं, होऊ द्या बाळंतपण सुईणीवाचून. पण दिवाणसाहेब, उद्या युवराज गादीवर बसायची चाकरी मागायला आले, की त्यांनाही असंच उंबऱ्यावर बसवा. त्यांच्या साक्षीलाही सुईण नसेल."

महाराज येरझारा घालायचे थांबले आणि दिवाणांकडे बघू लागले. दिवाणांनी घाईघाईने स्वतःच दार उघडलं.

आत शिरता शिरता ठकूबाईने मागे वळून विचारलं, "तुमची सुईण आहे ना हो अजून, दिवाणसाहेब?"