सभेत कोण उठेल?

फार पूर्वी शंखवती नगरीवर महीसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व रथकाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुनेमी. पोट भरायला तो या नगरीत आला, आणि त्याच दिवशी रोहक नावाचा लाकडावर नक्षी करणाराही आला.

नगरीचा रिवाज असा होता की नव्या कारागिराला चार महिने मुभा. मग कारागिरांच्या सभेत दुसऱ्या धंद्यातल्या एखाद्या सभासदाने उठून म्हणायचे, "याच्या हातचं काम मला हवं." कोणी उठले नाही, तर हत्यारे गुंडाळून वेस ओलांडायची.

रोहकाच्या बोटांत जादू होती, पण जिवाला घाई फार. तो रोज फुलांची माळ घेऊन सभाप्रमुखाच्या दारात उभा राही आणि स्वतःचेच गुण गाई. सुनेमी मात्र लोहाराच्या भात्याजवळ, कुंभाराच्या अंगणात जाऊन बसे, त्यांच्या अडचणी विचारी. आपल्या गिऱ्हाइकाला खुशाल सांगे, "चाकाला लोखंडी धाव मात्र कालक लोहाराकडूनच घाला."

"धुरात बसून कोणी मोठं होतं का रे?" रोहक हसे.

"मला माणसं आवडतात, दादा," सुनेमी म्हणे.

सभेचा दिवस उजाडला. सुनेमीचे नाव निघताच कालक उठला, पाठोपाठ कुंभार, तेली, कोष्टी. "हा गेला तर माझं अर्धं गिऱ्हाईक जाईल," कालक म्हणाला. सगळे हसले, आणि सुनेमी सभासद झाला.

मग रोहक उभा राहिला. त्याने मोठ्या आशेने प्रमुखाकडे पाहिले. प्रमुखाकडे रोज वीस माळा येत. त्याने शेजाऱ्याला विचारले, "हा कोण?"

कोणीही उठले नाही. परत जायला रोहकाला गाव उरले नव्हते.

तेवढ्यात सुनेमी उठला. "मी आता सभासद आहे, आणि माझा धंदाही वेगळा आहे. याच्या हातचं काम मला हवं."

"माझं काम तू कधी पाहिलंस?" रोहकाने विचारले.

"तीनदा तुझ्या दारी आलो. तू मोठ्यांकडे गेलेला असायचास. ओसरीवर तुझं काम होतं, ते पाहून परत गेलो."

रोहक भरसभेत ढसाढसा रडला.

कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, म्हणाले, "भिक्खूंनो, तो कालक म्हणजे आपल्या विहाराला कौले देणारा उपासक. रोहक म्हणजे आज प्रत्येक नवख्या भिक्खूला स्वतःहून जाऊन भेटणारा सोमदिन्न. आणि सुनेमी मीच होतो. काही मागायचे नसतानाही जो दुसऱ्याच्या दारी जातो, त्याच्या त्या गुणाला मैत्री म्हणतात."