काक्षीची वही

“चुकीच्या नोंदी खोडल्या, तर बिघडलं कुठं, बाबा?”

त्रिंबकनं वही पुढं केली. टेकडीवरच्या मठात केवळनाथबाबा एकतीस वर्षं ती लिहीत आले होते. मृगातला तांबडा काक्षी तारा आज शेजारच्या प्रश्वा ताऱ्याहून मंद की ठळक, एवढंच तिच्यात असे. आता बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. वही कुणाकडं जाणार, हा मठापुढचा प्रश्न होता. शिष्य त्रिंबकला मात्र त्याचं उत्तर केव्हाच ठाऊक होतं.

बाबांच्या महिनाभराच्या नोंदी त्यानं लाल रेघ मारून खोडल्या होत्या आणि पुढच्या कोऱ्या पानांवर काक्षीचं नाव घालून आपल्या लिहिल्या होत्या.

“मी काय लिहिलं होतं?”

“‘प्रश्वाहून मंद.’ रोज तेच! एवढा अगडबंब तारा... सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी गिळून बसेल. फुगतो, आकसतो, तेज बदलतं. सध्या वाढतंय. तुमच्या डोळ्यांना ते कळत नाही.”

बोलून गेल्यावर त्याला लाज वाटली. पण खरं ते खरं.

“किती वेळ बघतोस?”

“पाऊण तास. पापणी लवू देत नाही.”

“आणि प्रश्वाकडं?”

“त्याच्याकडं काय बघायचं? एक नजर टाकतो.”

बाबा उठले. वहीसकट त्याला पारावर आणून बसवलं. दिवेलागण होऊन गेली होती, चांदण्या निघाल्या होत्या. बाबांनी मागून त्याचे डोळे झाकले, आंधळ्या कोशिंबिरीत झाकतात तसे.

बराच वेळ गेला... खाली गावात म्हैस रेकली.

मग हात सुटले. एक नजर काक्षीवर, एक प्रश्वावर. हात पुन्हा डोळ्यांवर आले.

“ठळक कोण?”

“प्रश्वा.”

शब्द तोंडातून गेला, तेव्हा त्रिंबकला कळलं: बाबांनी महिनाभर हेच लिहिलं होतं.

“तांबड्याकडं टक लावली की तो डोळ्यांत चढत जातो, आहे त्याहून ठळक दिसतो,” बाबा म्हणाले. “माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. आणि मोतीबिंदूचं म्हणशील, तर त्याला काक्षी काय नि प्रश्वा काय, दोघे सारखेच मंद.”

त्रिंबकनं वही उघडून आपली पानं चिमटीत धरली.

“फाडून टाकतो, बाबा.”

बाबांनी त्याचं मनगट धरलं. वही मिटून त्याच्याच मांडीवर ठेवली.

“राहू दे. नोंदी खऱ्या आहेत, पण तुझ्या डोळ्यांच्या. फक्त वर काक्षीचं नाव आहे ना, तिथं तुझं घाल.”