उरलेली निम्मी भुकटी

“फुगला कशानं, ते सांग.”

नसीरबाबांनी मणी विद्याधरच्या पुढ्यात ठेवला. हिरवा, सुजलेला, एका अंगानं फुटलेला. आत नुसती भोकंच भोकं.

विद्याधरनं तो उलटून पाहिला. काचशास्त्राची पदवी घेऊन आलेला हा गडी. मणी करणाऱ्या या फकिराकडे चार महिने राहिला, तोही उपकार केल्यासारखा. आज मात्र ती पदवी कामी येत नव्हती.

मण्याची काचभुकटी साधी नव्हती ना. दाराशी बसलेल्या यमुनामावशींची तरणीताठी लेक, शेवंता, महिन्यापूर्वी गेली. तिच्या हातातल्या बांगड्या मावशींनी फडक्यात बांधून आणल्या. त्या कुटून एक मणी हवा होता, गळ्यात घालायला. निम्मी भुकटी विद्याधरनं सकाळी वाया घालवली. उरलेली आता साच्यात भरून भट्टीत ठेवली होती. हीही गेली की संपलं.

“भुकटीच खराब असेल,” तो पुटपुटला.

बाबांनी नुसतं मावशींकडे पाहिलं. विद्याधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दाणे जुळतात कसे?” बाबांनी विचारलं.

“पुरते वितळावे लागत नाहीत. मऊ झाले की टेकलेल्या जागी एकमेकांना धरतात. मग मधल्या फटी भरत जातात. मणी आकसतो, घट्ट होतो.”

“पाठ आहे की. आणि फटींतली हवा?”

“ती... बाहेर जाते.”

“तू जाऊ दिलीस?”

सकाळी त्यानं दणादण भाता मारला होता. आच एकदम चढली, वरचे दाणे आधी मिटले, हवा आत कोंडली. हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे!

“बाबा, हा तुम्ही करा. माझ्या हातून हाही गेला तर...”

“भाता धर.”

त्यानं धरला. भट्टी लालसर झाली. भीतीनं त्याचा हात पुन्हा भराभर चालू लागला. बाबांनी मनगटावर बोटं टेकली. हात मंदावला. बोटं काढली, की पुन्हा तेच.

बाबा उठले. दाराशी गेले.

“माई, इथं या. भट्टीपाशी बसा.”

मावशी येऊन बसल्या. आल्यापासून त्या कामापुरतंच बोलल्या होत्या. लेक गेल्यावर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, असं गावात म्हणत.

“याला शेवंताचं काही सांगा.”

मावशींनी पदर तोंडाशी धरला.

“बांगड्या भरायला बसली,” त्या हळूच म्हणाल्या, “की कासाराला रडवायची. हा रंग नको, तो नको...”

आणि त्यांचा आवाज फुटला.

विद्याधर कावराबावरा झाला. एक डोळा भट्टीवर, एक मावशींवर; भात्यावरचा हात आपसूक मंदावला.

“बाबा, नेमका वेळ सांगा. ही मंद आच मी धरू तरी किती?”

“यांचं सांगून होईपर्यंत.”